तापमान मोजणारा दंडावरचा पट्टा: नाईट ड्यूटीवाल्यांनी घ्यावा का?

आधीच सांगते, पट्टा वाईट नाही. त्याच्या ॲपमधला ‘बॉडी क्लॉक’ नावाचा आलेख मात्र आमच्यासारख्या नाईट करणाऱ्यांच्या काही कामाचा नाही, आणि जाहिरात नेमकी त्याच आलेखाची करतात. कंपनीचं नाव लिहीत नाही. पैसे परत करण्यावरून त्यांच्याशी ईमेलवर माझा वाद अजून चालू आहे, आणि तसंही याच धाटणीचे आणखी पट्टे बाजारात आहेत. नाव कुठलंही असलं तरी कातडीचं तापमान मोजायचं आणि त्यावरून शरीराच्या घड्याळाचा अंदाज बांधायचा, हेच सगळे करतात.

मी नागपूरला एका खासगी हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे. मॉर्निंग, इव्हनिंग, नाईट असा चार्ट फिरत राहतो. नाईट रात्री आठ ते सकाळी आठ, आणि लागली की आठवडाभर. पहाटे चारच्या सुमाराला अंगात जी हुडहुडी भरते आणि इंजेक्शनचं लेबल दोनदा वाचावं लागतं, ती वेळ ज्यांनी काढली आहे त्यांना पुढचं लगेच कळेल. मला एवढंच हवं होतं की ही वेळ माझ्या अंगात नेमकी कधी येते, आणि आठवडा सरतो तशी ती पुढे सरकते की तिथेच बसून राहते.

तापमान मोजणारी स्मार्ट अंगठीही मिळते, ती का घेतली नाही, असं दोघी-तिघींनी विचारलं. आम्हाला ड्यूटीवर कोपराखाली काही चालत नाही. घड्याळ नाही, बांगडी नाही, अंगठी नाही. दिवसातून कितीतरी वेळा हँडरब, त्यावर ग्लोव्ह, आणि अंगठीखाली ओल राहिली की जंतूंची सोय. म्हणजे अंगठी घालायची ती फक्त घरी, आणि मला हवा असलेला हिशोब तर वॉर्डातला. शिवाय हात धुतला की बोट गार पडतं, त्या तापमानाचं करायचं काय? म्हणून दंडावर, बाहीच्या आत बांधायचा, स्क्रीन नसलेला पट्टा घेतला. आमच्या मावशींनी पहिल्याच दिवशी पाहिला आणि म्हणाल्या, “सिस्टर, आज दांडपट्टा बांधून आल्या का?” ते नाव आता वॉर्डात कायमचं झालं आहे.

पट्ट्याबद्दल पुढे लिहिते. त्याआधी तापमानाचं थोडं सांगावं लागेल, कारण ॲपवाले हे कुठेच नीट सांगत नाहीत.

टीपीआर चार्ट, म्हणजे पेशंटचं टेंपरेचर, नाडी आणि श्वास यांचा तक्ता भरणाऱ्या कुठल्याही सिस्टरला विचारा. ताप नसलेल्या, ऑपरेशनची वाट बघत पडलेल्या पेशंटचं सकाळी सहाचं टेंपरेचर ९७ च्या आसपास असतं आणि संध्याकाळी सहाचं ९८.५ च्या पुढे. पेशंटला काही झालेलं नसतं. शरीर दिवसभरात आपोआप साधारण अर्धा ते एक अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये एक ते पावणेदोन अंश वर-खाली होतं. जर्मनीत लायप्झिगला कार्ल वुंडरलिश नावाच्या डॉक्टरांनी १८६८ साली हजारो पेशंटांच्या काखेतल्या तापमानांवर जाडजूड ग्रंथ काढला. ९८.६ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला तो त्यांच्यामुळे. पण पहाटे सगळ्यात कमी आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त, हेही त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. ते मात्र लोक विसरले आणि ९८.६ तेवढं धरून बसले.

हा चढउतार चालवणारं केंद्र मेंदूत, हायपोथॅलॅमसमध्ये असतं आणि डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर ते आपली वेळ लावून घेतं. रात्री झोपून सकाळी उठणाऱ्या माणसाचं शरीर सगळ्यात थंड होतं ते उठायच्या साधारण दोन तास आधी, म्हणजे पहाटे चार-पाचला. तो तळ सापडला की बरंच हाती लागतं. तळाच्या आधी डोळ्यांवर भरपूर उजेड पडला तर घड्याळ मागे रेंगाळतं, म्हणजे झोप उशिरा यायला लागते. तळ उलटून गेल्यावर पडला तर घड्याळ पुढे ओढलं जातं आणि झोप लवकर येते. नाईट करून सकाळी आठला गाडीवर बसलं की समोर लख्ख ऊन, आणि तळ नुकताच उलटलेला. त्या उन्हाने घड्याळ परत दिवसपाळीकडे ढकललं जातं. मग दहाला पडदे ओढून पडलं तरी दुपारी एकला टक्क जाग, यात नवल नाही.

आणि हे घड्याळ हट्टी असतं. १९३८ साली झोपेचा अभ्यास करणारे नॅथॅनिएल क्लाइटमन आणि त्यांचा विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन हे दोघं अमेरिकेत केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस जाऊन राहिले. सूर्यप्रकाश नाही, तापमान कायम सारखं. तिथे त्यांनी २८ तासांचा दिवस पाळला आणि आपलं टेंपरेचर घेत राहिले. विशीतल्या रिचर्डसनचं शरीर २८ तासांच्या तालाला लागलं. त्रेचाळीस वर्षांच्या क्लाइटमनचं काही लागलं नाही, त्यांचं टेंपरेचर चोवीस तासांनीच वर-खाली होत राहिलं. मी चाळिशी ओलांडली आहे. आमच्या नव्या मुली नाईट सहज काढतात आणि मी तिसऱ्या रात्री भिंत धरते, तेव्हा मला हे गुहेतले गुरुजी आठवतात.

आता पट्टा. घड्याळाच्या डायलएवढा चपटा तुकडा, त्याला इलॅस्टिकची पट्टी. आतल्या बाजूला नाडी बघणारे हिरवे दिवे आणि तापमानाचा सेन्सर. चार्ज चार-साडेचार दिवस पुरतो, कंपनी पाच म्हणते. आंघोळीत चालतो. किंमत वीस हजारांच्या आत, पण वर्षाची वर्गणी वेगळी, आणि ती भरली नाही तर ॲपमध्ये फक्त पावलं दिसतात. म्हणजे घ्यायच्या वेळी जो आकडा डोळ्यांसमोर असतो, खर्च त्यावर थांबत नाही.

तापमान ॲपमध्ये थेट दिसतच नाही. पहिल्या काही रात्रींची सरासरी काढून तुमची ‘बेसलाइन’ ठरते आणि मग रोज सकाळी ‘+०.३’ किंवा ‘-०.२’ एवढंच सांगितलं जातं. ही फक्त याच कंपनीची रीत नाही. २०२२ च्या ॲपल वॉच सिरीज ८ मध्ये तापमानाचे दोन सेन्सर आले, एक मनगटाला टेकणारा, दुसरा स्क्रीनच्या खाली. झोपेत दर पाच सेकंदांनी मोजमाप होतं, पण तिथेही साधारण पाच रात्रींनंतर तुमच्या बेसलाइनपासूनचा फरकच दाखवतात. कारण सरळ आहे, कातडीचं तापमान म्हणजे अंगातलं तापमान नव्हे. मी खात्री म्हणून एकदा पट्टा दंडावर ठेवूनच काखेत थर्मामीटर लावला. काखेत ९७.९ आलं. पट्ट्याचं त्याच वेळचं माप नंतर वेबसाइटवरून काढून पाहिलं, ३३.८ सेल्सिअस, म्हणजे ९३ च्याही खाली. आकडा म्हणून हे कोणी टीपीआरवर लिहिलं तर डॉक्टर धावत येतील.

वेबसाइटवर मूळ आकड्यांची फाइल उतरवून घेता येते, दर पाच मिनिटांचं एक माप. ही सोय मेनूत खूप खोल दडवलेली आहे, पण आहे, आणि त्यासाठी कंपनीला मार्क द्यायला हवेत. एक्सेलमध्ये टाकून रेष कशी काढायची ते भाच्याने दाखवलं.

घोळ दिसला तो या रेषेत. नाईट लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी दहा ते दुपारी दोन झोपले. ॲपच्या ‘बॉडी क्लॉक’ पानावर लगेच कातडीच्या तापमानाचा झोपेतला उंचवटा रात्रीवरून उचलून सकाळी दहावर नेऊन ठेवलेला, आणि खाली अभिनंदन: तुमचं शरीर नव्या वेळापत्रकाशी जुळवून घेत आहे! एका रात्रीत? क्लाइटमनना ३२ दिवसांत जमलं नाही ते?

म्हणून मी दुसरी वही घातली. स्वतःचा डिजिटल थर्मामीटर ॲप्रनच्या खिशात, आणि रात्री बारा, दोन, साडेचार, सातला जिभेखाली धरायचा. नियम दोनच: चहापाण्यानंतर पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, आणि राउंड मारून आल्या आल्या घ्यायचं नाही, जरा टेकायचं. पहिल्या रात्रीचे आकडे असे: बाराला ९८.४, दोनला ९७.९, साडेचारला ९७.१, सातला ९७.६. साडेचारला मी खुर्चीत स्वेटर ओढून बसले होते आणि बेड नंबर सातच्या आजोबांची सलाईन किती उरली ते बघायला उठायचंही जिवावर आलं होतं. त्याच वेळचं पट्ट्याचं माप काढलं तर रेष खाली होती, पण ती रात्री नऊपासूनच खाली होती. साडेचारचा वेगळा खड्डा काही तिच्यात दिसेना. वॉर्डात फिरत होते, एसी होता, म्हणून दंड गार. घरी जाऊन पांघरूण घेतलं की दंड गरम. पट्ट्याला एवढंच कळलं होतं.

यामागचं शरीरशास्त्र असं की झोप येते तेव्हा अंग आतली उष्णता बाहेर टाकतं. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कातडी गरम होते आणि आतलं तापमान उतरतं. म्हणजे कातडी आणि आतलं अंग उलट्या दिशांनी चालतात. पाय गरम असले की झोप लवकर लागते हे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या क्राउखी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलं होतं. वर पांघरूण, आडवं पडणं, हालचाल थांबणं, यांनीही कातडी तापते. त्यामुळे माणूस ज्या वेळी झोपेल त्या वेळी ही रेष चढणार, मग त्याचं घड्याळ कुठेही असो. स्पेनमध्ये मुर्सिया विद्यापीठात मनगटाच्या तापमानावर हेच काम चालतं, पण तिथले लोक तापमानासोबत हालचाल आणि शरीराची स्थितीही मोजतात आणि तिन्ही एकत्र वाचतात, नुसत्या कातडीवर विसंबत नाहीत. प्रयोगशाळेत खरा तळ बघायचा तर गुदद्वारात तापमान मोजणारी नळी, म्हणजे प्रोब घालतात किंवा तापमान मोजणारी गिळायची कॅप्सूल देतात, नाहीतर मंद उजेडात बसवून लाळेतलं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं हार्मोन मोजतात. प्रोबचं सांगितलं तेव्हा घरी सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, आमच्या वॉर्डात कोणी मानही वर केली नाही.

थोडक्यात, ॲपचा तो आलेख मी कधी अंथरुणात होते याची नोंद आहे, आणि ती मला पट्ट्याशिवायही माहीत होती.

जिभेखालच्या वहीने मात्र काम केलं. आठवड्याच्या अखेरीस सगळ्यात कमी आकडा साडेचारवरून सहा-साडेसहाकडे सरकलेला दिसला, आणि साडेचारची हुडहुडी तेवढी राहिली नाही. या नाईट्सना मी एक गोष्ट वेगळी केली होती. घरी येताना मोठा काळा गॉगल, डोक्याला स्कार्फ, आणि घरी पोचल्यावर देवघराच्या पूर्वेच्या खिडकीचा पडदा सासूबाईंना सांगून ओढून ठेवला. त्यांना ते मुळीच पटलं नाही. सकाळच्या उन्हाला दार लावायचं म्हणजे काय! पण सून दुपारी तीनपर्यंत झोपते आणि उठल्यावर चिडत नाही हे बघितल्यावर त्याच पडदा ओढायला लागल्या. ज्यांना दोन-तीनच नाईट असतात त्यांनी हे करू नये असं माझं मत. घड्याळ अर्धवट सरकेल आणि परत मॉर्निंग लागेल, दोन्हीकडून मार.

नागपूरचा उन्हाळा हा तर वेगळाच विषय. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस, दुपारी झोपायच्या खोलीत कूलर. गवताच्या ताट्या ओल्या असल्या तर दंडावर गार झोत, टाकीतलं पाणी संपलं की अर्ध्या तासात दंड तापलेला. माझ्या फाइलमध्ये दुपारी एकच्या सुमाराला रोज एक सुळका दिसायचा. मी ड्यूटीचा, जेवणाचा, कशाकशाचा संबंध लावून पाहिला. शेवटी कळलं की ती कूलरचं पाणी संपायची वेळ. ॲपने त्याला ‘तापमानात असामान्य वाढ, विश्रांती घ्या’ असं म्हटलं होतं. शिवाय त्या दिवसांत पट्टीखाली घामोळं इतकं उठलं की दंड बदलून बदलून बांधावा लागला, आणि डाव्या-उजव्या दंडाच्या मापात फरक पडतो तो निराळाच. जानेवारीत हे काहीच त्रास नव्हते. उलट थंडीत एक फायदा झाला. नाईट करून आलं की पाय बर्फ असतात. बादलीत कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवून, मोजे घालून पडलं की दंडाची रेष लवकर चढते आणि मला झोपही लवकर लागते, हे दोन्ही फाइलमध्ये स्वच्छ दिसलं.

आणखी दोन ठिकाणी पट्टा खरोखर चांगला चालतो. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात, अंडं सुटल्यानंतर, प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे तापमान साधारण ०.३ ते ०.५ सेल्सिअसने वर जाऊन तिथेच राहतं आणि पाळी येताना उतरतं. मॉर्निंग-इव्हनिंगच्या महिन्यात, रात्री घरीच झोपत असताना, ही पायरी माझ्या आलेखावर अगदी ठळक दिसली. नाईटच्या महिन्यात पार विस्कटली. दुसरं, व्हायरल फिव्हर आलं तेव्हा पट्ट्याने आदल्या रात्रीच ‘+१.१’ दाखवलं. तोपर्यंत माझं अंगही दुखायला लागलं होतं, त्यामुळे फार मोठा चमत्कार म्हणणार नाही, पण पकडलं हे खरं.

झोपेचं पान मात्र डोकं फिरवतं. दिवसाची पाच तासांची सलग झोप तिथे ‘नॅप’ म्हणून नोंदली जाते आणि रात्रीची झोप शून्य. म्हणजे एक पान म्हणतं तुमचं शरीर छान जुळवून घेत आहे, शेजारचं पान म्हणतं तुम्ही आठवडाभर झोपलाच नाहीत. कस्टमर केअरला लिहिलं की शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांसाठी वेगळी सेटिंग आहे का. उत्तर आलं: “चांगल्या परिणामांसाठी रोज रात्री ठराविक वेळी झोपण्याची सवय लावा.” हे मी आमच्या इन्चार्ज सिस्टरना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “चार्ट तेच बनवतील का मग?”

हॉस्पिटल, पोलीस, रेल्वे, वीज केंद्र, कारखाना, कॉल सेंटर, रात्री जागणारी एवढी माणसं आपल्याकडे आहेत. शरीराच्या घड्याळाची सगळ्यात जास्त गरज यांनाच, आणि ॲप लिहिलं आहे ते सकाळी सातला उठून जॉगिंगला जाणाऱ्यासाठी. त्याचं घड्याळ मुळात जागेवर असतं, त्याला मोजायची फारशी गरजही नाही.

विकत घ्यायचाच असेल तर आधी एवढं बघा: मूळ आकड्यांची फाइल मिळते का, आणि वर्गणी थांबवल्यावरही मिळते का. माझ्या पट्ट्यात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आहे, आणि पैशांचा वाद त्यावरूनच चालू आहे. पट्टी सुती मिळते का हेही विचारा. नुसता तळ शोधायचा असेल तर दीडशे-दोनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर पुरतो. जागं असताना दर दोन-अडीच तासांनी जिभेखाली, नेहमी त्याच जागी, खाण्यापिण्यापासून दूर, आणि वेळेसकट लिहून ठेवायचं. झोपेतले आकडे यात मिळत नाहीत, ही त्याची मर्यादा. पण नाईटवर आपण पहाटे जागेच असतो, म्हणजे ज्या तासांचं माप हवं ते आयतं हाताशी येतं.

माझी वर्गणी दिवाळीत संपते, पुढे भरणार नाही. पट्टा अमरावतीच्या धाकट्या बहिणीला देऊन टाकतेय. तिला पाळीचा हिशोब हवा आहे, आणि ती रात्री दहाला झोपून सकाळी सहाला उठते, तेव्हा ॲपचं आणि तिचं चांगलं जमेल. वर्गणी तिची ती भरेल, हे आधीच ठरवून घेतलं आहे.